तीन बटणं आणि काळी पाच

"बाई, पेटीला एवढ्या पट्ट्या आणि याला तीनच बटणं? मग बाकीचे सूर कुठून काढायचे?"

सहावीतला मुलगा ट्रंपेट उलटसुलट करून बघत होता. प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मला कागदावर माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं. मी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देऊन विशारद झालेली. गळा, पेटी आणि गरजेपुरता तबला एवढंच माझं जग. शाळेत प्रार्थना, समूहगीतं, स्नेहसंमेलन हे सगळं पेटीवर भागत होतं. मुख्याध्यापकांनी "बंद पडलेला बँड पुन्हा सुरू करायचाय, तुम्ही संगीताच्या ना?" असं म्हटल्यावर मात्र नाही म्हणायला जागा उरली नाही. आपल्याकडे संगीताच्या बाईंना संगीतातलं सगळं येतं असा समज आहे. चित्रकलेच्या सरांना रांगोळी आलीच पाहिजे, तसा.

कपाटातून निघालं ते असं: पान फाटलेला एक साइड ड्रम, एक बरा साइड ड्रम, पोचे आलेले बिगुल, एक बेस ड्रम, झांजांची जोडी आणि बुरशी धरलेल्या पेट्यांमध्ये दोन क्लॅरोनेट. ट्रंपेट आणि एक अल्टो सॅक्सोफोन नंतर विकत घेतले. आपल्याकडच्या बँडची बरीचशी पितळी वाद्यं उत्तर प्रदेशातल्या मेरठहून येतात. तिथली जाली कोठी ही या धंद्याची जुनी पेठ, आणि नादिर अली कंपनी तर १८८५ पासूनची. लग्नाच्या वरातीत वाजणारं आणि शाळेच्या मैदानावर वाजणारं वाद्य बहुधा एकाच गल्लीतून आलेलं असतं.

शिकवायला मला साथ मिळाली ती पोलीस बँडमधून निवृत्त झालेल्या एका मास्तरांची. गावातच राहत होते आणि दुपारचा वेळ मोकळा होता. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "बाई, वाद्य हातात द्यायची घाई करू नका. आधी तोंडं बघू." मला वाटलं, शिस्तीचं काही बोलतायत. पण ते खरोखरच एकेका पोराचं तोंड उघडून बघायला लागले.

बँडमध्ये वाद्य मुलाच्या आवडीवर जेवढं ठरतं, त्याहून जास्त त्याच्या दातांवर आणि ओठांवर ठरतं, हे मला तेव्हा कळलं. पुढचे दात पडून नवे अर्धवट आलेले असतील तर ट्रंपेट नको. दाताला तारा असतील तर ट्रंपेटच्या छोट्या माउथपीसने ओठ आतून सोलवटतात. अशा मुलाला मोठ्या माउथपीसचं वाद्य द्यावं, नाहीतर सरळ ड्रमकडे वळवावं. क्लॅरोनेटला बोटांची पेरं भोकांवर पूर्ण बसली पाहिजेत. बारीक बोटांच्या पाचवीतल्या मुलींच्या बोटांशेजारून हवा निसटते आणि वाद्य किंचाळतं. ट्रॉम्बोन आमच्याकडे नाही, पण मास्तरांनी हाताने माप दाखवून सांगितलं की त्याच्या सात जागांपैकी शेवटची जागा लहान मुलाच्या हाताला पोचतच नाही. म्हणून आम्ही बहुतेक मुलं सहावी-सातवीतली घेतली.

पहिले काही तास कुणालाच अख्खं वाद्य दिलं नाही. मुलांना भिंतीजवळ उभं केलं. प्रत्येकाने वहीच्या कागदाची पट्टी भिंतीला टेकवायची, हात काढून घ्यायचा आणि नुसत्या फुंकेने ती खाली पडू द्यायची नाही. गाल फुगवून फुंकणाऱ्यांची पट्टी लगेच खाली. पोटातून, एकसारखी, बारीक फुंक देणाऱ्यांची टिकते. गायनात आम्ही दमसास म्हणतो तो हाच, फक्त इथे तो डोळ्यांना दिसतो. मी नंतर गाण्याच्या तासालाही ही पट्टी वापरायला लागले, इतकी ती कामाची निघाली.

त्यानंतर फक्त माउथपीस. ओठ मिटायचे, कोपरे घट्ट, मधून हवा सोडायची आणि ओठ थरथरवायचे. घोडा फुरफुरतो तसा आवाज येतो. वर्गभर हसू. शेजारच्या भूगोलाच्या वर्गावरून निरोप आला. पण ट्रंपेटमध्ये सूर तयार होतो तो या ओठांच्या थरथरण्यातूनच. पितळ तो नुसता मोठा करतं आणि त्याला वळण देतं.

आता त्या मुलाचा प्रश्न. मास्तरांनी त्याच्याकडून एकही बटण न दाबता ट्रंपेट वाजवून घेतलं. सैल ओठाने सा आला. ओठ जरा आवळल्यावर एकदम प. आणखी आवळल्यावर वरचा सा, मग वरचा ग, मग वरचा प. मधले सूर नाहीतच. नळी जेवढी लांब असते तिच्यात ठरावीक सूरच राहतात, बाकीचे राहत नाहीत. बिगुलाला तर बटणंच नसतात, त्यामुळे तो याच चार-पाच सुरांवर जगतो. पहाटेच्या रिव्हेलीपासून लास्ट पोस्टपर्यंतचे बिगुलाचे सगळे इशारे सा, ग आणि प यांच्यातच बांधलेले आहेत. हे ऐकल्यावर मुलांनी बिगुलावर सारेगम वाजवायचा प्रयत्न सोडून दिला.

मग बटणं कशाला? प्रत्येक बटण म्हणजे एक पिस्टन. ते दाबलं की हवा एका जादा नळीतून फिरून येते, वाद्य तेवढं लांब होतं आणि सूर उतरतो. मधलं बटण अर्ध्या स्वराने उतरवतं, पहिलं पूर्ण स्वराने, तिसरं दीड स्वराने. बस, एवढंच. पवरून खाली या. पहिलं दाबलं की म. पहिलं आणि दुसरं मिळून दीड, म्हणजे ग. पहिलं आणि तिसरं मिळून अडीच, म्हणजे रे. सगळी सोडली आणि ओठ सैल केला की सा. वरच्या सावरून उतरताना दुसऱ्या बटणाने नी, पहिल्या-दुसऱ्याने ध, आणि मोकळं सोडलं की पुन्हा प. मी हे फळ्यावर मांडलं तेव्हा तोच मुलगा ओरडला, "बाई, गला आणि धला बोटं एकच!" अगदी बरोबर. सा, प आणि वरचा सा यांनाही बोटं एकच, म्हणजे एकही नाही. कोणता सूर निघणार ते ओठ ठरवतात. पेटीवर पट्टी दाबली की सूर हमखास मिळतो. इथे सूर आधी डोक्यात ऐकू यायला हवा, मग तो ओठात येतो. मनात नीट गाणाऱ्या मुलांना ट्रंपेट लवकर आलं, आणि वर्गात दंगेखोर म्हणून नाव असलेला एक जण त्यात सगळ्यात पुढे निघाला.

यातही एक गोम आहे. पहिलं आणि तिसरं एकदम दाबल्यावर येणारा रे थोडा चढा लागतो. जादा नळ्यांची लांबी एकेकट्या हिशोबाने कापलेली असते, दोन्ही जोडल्या की ती अपुरी पडते. म्हणून तिसऱ्या नळीला बोट अडकवायची कडी असते. रे वाजवताना ती बाहेर ढकलायची. माझ्या कानाला तो चढा रे पहिल्या दिवसापासून टोचत होता. मास्तरांनी कडी दाखवल्यावर जीव भांड्यात पडला.

क्लॅरोनेटने मात्र मला जास्त छळलं. रीड, म्हणजे माउथपीसवर बसणारी बोरूची पातळ चीप, आधी तोंडात धरून ओली करायची, तिचं टोक माउथपीसच्या टोकाशी बरोबर जुळवायचं, तिला धरून ठेवणाऱ्या पट्टीचे स्क्रू हलकेच आवळायचे. खालचा ओठ दातांवर घडी करून घ्यायचा आणि त्यावर रीड टेकवायची. सुरुवातीला दोन नंबरची, म्हणजे जरा मऊ, रीड बरी, फार तर अडीच. "मला तीन नंबरची द्या, मी मोठी आहे" म्हणणाऱ्या मुलीची हवा पाच मिनिटांत संपली. बुचाच्या सांध्यांना ग्रीस लावल्याशिवाय वाद्य जोडायचं नाही, आणि वाजवून झाल्यावर आतून पुसल्याशिवाय पेटीत ठेवायचं नाही. कपाटातल्या त्या दोन पेट्यांना बुरशी का आली असेल, ते वेगळं सांगायला नको.

आमच्या दोन मुली आधी बासरी शिकलेल्या. बासरीवर तीच बोटं ठेवून फुंक तीव्र केली की तोच सूर वरच्या सप्तकात लागतो. क्लॅरोनेटच्या मागे अंगठ्याची एक कळ असते. ती दाबली की वरचा सूर येतो खरा, पण साचा वरचा सा येत नाही, वरच्या सप्तकातला प येतो. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. हे त्या वाद्याच्या घडणीतच आहे. क्लॅरोनेटची नळी सरळ, एकसारख्या जाडीची आणि तोंडाकडच्या टोकाला बंद असल्यासारखी वागते, म्हणून तिच्यात दुप्पट कंपनांचा, म्हणजे एक सप्तक वरचा, सूर राहत नाही, एकदम तिप्पट कंपनांचा राहतो. त्यामुळे दोन सप्तकांना बोटांचे दोन वेगळे हिशोब शिकावे लागतात. सगळ्यात अवघड जागा आहे ती मधल्या धवरून नीवर जाण्याची. धला एक बोट पुरतं आणि लगेच पुढच्या नीला जवळजवळ सगळी भोकं एका क्षणात झाकावी लागतात. एक बोट जरी चुकार राहिलं तरी वाद्य किंचाळतं. आमच्या मुली अजूनही तिथे देवाचं नाव घेतात.

आता काळी पाच, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी. हा सगळ्या खटाटोपातला माझा लाडका भाग, म्हणून जरा रेंगाळते. पेटीवर पांढरी एकचा सा धरला आणि ट्रंपेटवाल्याला त्याचा सा वाजवायला सांगितला. तो लागला काळी पाचला. क्लॅरोनेटचाही काळी पाचला. सॅक्सोफोनचा तर काळी दोनला. म्हणजे तिघांनी कागदावरचा एकच सूर वाजवला तर ट्रंपेट आणि क्लॅरोनेटचं जमेल, पण सॅक्सोफोन भलतीकडेच जाईल. सगळ्यांना एकच सूर काढायचा असेल तर सॅक्सोफोनने आपला प वाजवायचा. काळी दोनला सा धरला तर काळी पाच हा त्याचा पंचमच.

मास्तरांच्या मते मुलांना हे शिकवायला वर्ष जातं. माझं मत वेगळं पडलं, आणि ते मी सोडलेलं नाही. ज्यांचा सा पांढरी एकला खिळलेला असतो, त्यांनाच हे कोडं पडतं. आमच्या मुलांना पहिल्यापासून माहीत असतं की सा प्रत्येकाचा वेगळा असतो. बाई काळी चारला गातात, सातवीतल्या आवाज फुटलेल्या मुलांना खाली यावं लागतं, आणि कीर्तनकार येतात तेव्हा पेटीवाला आधी विचारतो, "कुठली पट्टी, बुवा?" मी एवढंच म्हटलं की या वाद्यांनाही आपापली पट्टी आहे आणि ती कारखान्यातूनच ठरून येते. मुलांनी मान डोलावली आणि विषय संपला. मग समूहगीताची पेटीही मी काळी पाचला आणली. काळी पाच, पांढरी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी चार, पाच, सहा. बोटांना थोडी सवय लागली इतकंच.

स्वरलेखनाचं काय करायचं यावर आमचं बरंच बोलणं झालं. मास्तर पाच रेघांच्या पाश्चात्य स्वरलिपीवर वाढलेले. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना लहानपणीच ते वाचायला शिकवत, म्हणून तिथले वादक मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रात आणि बँडमध्ये सहज शिरले, हे ते कौतुकाने सांगत. मी सुरुवात भातखंडे पद्धतीच्या सारेगमने केली, खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर. लयीसाठी मात्र रेघांची पद्धत लवकर घेतली, कारण तिथे चिन्हालाच लांबी असते. काळा ठिपका आणि दांडी म्हणजे एक मात्रा, पोकळ ठिपका दोन, दांडी नसलेला पोकळ चार, शेपटीवाला अर्धी. दुगुन-चौगुन येणाऱ्यांना हे जड गेलं नाही. जड गेलं ते गप्प बसायचं चिन्ह. ट्रंपेटवाल्याच्या कागदावर चार मात्रा विश्रांती असली की तो ती दोन मात्रांत उरकून मोकळा. शेवटी मी विश्रांतीच्या मात्रांवर हाताने तालातली 'खाली' दाखवायला लावलं. खाली म्हणजे शांतता नव्हे, हे मान्य. पण हात हवेत फिरत असेपर्यंत वाद्य ओठाला लागत नाही, एवढा त्याचा उपयोग झाला.

साइड ड्रमला मुलं सगळ्यात जास्त आली, आणि त्यातली निम्मी ढोल-ताशा पथकातली. मनगटं तयार, तर्री (ताशावरची सलग झड) दमदार. पण ताशावर काडी दाबून, जीव खाऊन वाजवायची सवय. साइड ड्रमच्या खालच्या पानाला तारा ताणलेल्या असतात. काडी उसळू दिली तरच त्या नीट खुळखुळतात. मास्तर त्यांना "मम्मी-डॅडी, मम्मी-डॅडी" म्हणायला लावत. उजव्याने दोन, डाव्याने दोन, आधी इतकं सावकाश की पोरं कंटाळून जांभया देत. डाव्या हाताची काडी तळहातावर आडवी धरायची जुनी पद्धत त्यांनी मुद्दाम शिकवली. ड्रम पट्ट्याने एका बाजूला तिरका लटकतो, त्यामुळे डावं मनगट वरून पोचतच नाही, म्हणून ही पकड आली.

या मम्मी-डॅडीचा खरा कस राष्ट्रगीताआधी लागतो. बँडवर राष्ट्रगीत वाजवायचं तर आधी ड्रमची आगाऊ सूचना हवी, हे सरकारी आदेशातच लिहिलेलं आहे. संथ चालीच्या सात पावलांइतका रोल, म्हणजे दोन्ही काड्यांचा सलग गडगडाट. हळू सुरू करायचा, चढवत जमेल तेवढा मोठा करायचा, मग उतरवायचा, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू आला पाहिजे. त्यानंतर एक मात्रा शांतता आणि मग राष्ट्रगीत. मुलांना मोठा करायला जमतं, उतरवायला जमत नाही. पाचव्या पावलाला काड्या अडखळतात आणि रोलची चाळण होते. ढोल-ताशातल्या मुलांना आवाज कमी करणं हा मानहानीचा प्रकार वाटतो, ते वेगळंच.

राष्ट्रगीत बसवताना आणखी एक गंमत कळली. काळी पाचला सा धरला की चाल मंद्र (खालच्या) नीपासून तार (वरच्या) सापर्यंतच राहते, म्हणून ट्रंपेटच्या नवशिक्या ओठांना ती झेपते. क्लॅरोनेटलाही जवळजवळ सगळी चाल खालच्या सोप्या भागातच मिळते, "जय हे" सोडून. तिथे सां नी सां, नी ध नी, ध प ध. म्हणजे मघाची ती ध-नीची अवघड जागा, आणि तीही गाण्याच्या सगळ्यात चढ्या जागी, सगळं मैदान सावधान उभं असताना. पूर्ण राष्ट्रगीत सुमारे ५२ सेकंदांचं. सरावात आमचं मिनिटावर जायचं, कारण क्लॅरोनेट तिथे थबकायचे आणि ट्रंपेट त्यांच्यासाठी थांबायचे. यावर उपाय म्हणून "जय हे" ला क्लॅरोनेटकडून मी फक्त लांब सूर वाजवून घेतले. पुढच्या वर्षी पूर्ण चाल.

आमच्या निफाडकडची थंडी कशी असते ते नाशिककरांना सांगायला नको. २६ जानेवारीला सकाळी वाद्यं पेटीपेक्षा चक्क खाली उतरलेली. थंड हवेत आवाजाचा वेग कमी होतो, एका अंशामागे सेकंदाला सुमारे ०.६ मीटर. त्यामुळे फुंकवाद्य उतरतं आणि आत गरम श्वास गेला की हळूहळू चढतं. पेटी जिथल्या तिथे. मास्तरांनी ध्वजारोहणाच्या बऱ्याच आधी मुलांना वर्गात बसवून नुसती गरम हवा फुंकायला लावली, ट्रंपेटच्या माउथपीस खिशात ठेवायला सांगितल्या, आणि सूर जुळवायचं काम शेवटच्या पाच मिनिटांवर ठेवलं. ट्रंपेटच्या खालच्या छोट्या झडपेतून पाणी गळतं ते पाहून पहिल्या रांगेतले पाहुणे नाक मुरडत होते. ती थुंकी नसते, बहुतेक श्वासाची वाफ थंड पितळावर जमून झालेलं पाणी असतं. हे प्रत्येकाला जाऊन सांगणं मी सोडून दिलंय.

संचलनाला अजून वेळ आहे. उभं राहून वाजवणं जमलं की चालत वाजवायचं. मिनिटाला सुमारे १२० पावलं, बेस ड्रमचा ठोका डाव्या पावलावर. पाऊल आपटलं की ट्रंपेट दातांवर आदळतं, म्हणून सध्या मुलं वाद्याशिवाय कदमताल करताना तोंडाने सारेगम म्हणतात. मुख्याध्यापकांच्या डोक्यात आतापासून राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा आहे. तिथे मुलांचे आणि मुलींचे ब्रास बँड वेगळे, पाइप बँड, म्हणजे बॅगपाइपवाले, वेगळे. आमचा बँड मिश्र. मी त्यांना म्हटलं, आधी आणखी दोन क्लॅरोनेट, प्रत्येकाला स्वतःची माउथपीस आणि रीडचा एक डबा मंजूर करा, कारण साबणाच्या पाण्यात धुऊन एकच माउथपीस तिघांत फिरवणं मला पटत नाही. अर्ज टेबलावर आहे. मास्तरांनी तोवर पाचवीतल्या पोरांची तोंडं बघायला सुरुवात केली आहे.